गावाचं महिन्याचं पान कसं काढायचं: एका बाजूला ग्रामपंचायत, दुसऱ्या बाजूला राखण

कोकणातल्या बऱ्याच गावांत ग्रामपंचायतीत काय ठरलं ते मुंबईतल्या चाकरमान्याला फोनवर आधी कळतं आणि वरच्या वाडीतल्या म्हातारीला कधीच कळत नाही. पाणी उद्यापासून एक दिवसाआड येणार, साकवाचं (ओढ्यावरच्या लहान पुलाचं) काम चालू आहे तर पलीकडून या, सड्यावर (वरच्या माळावर) बिबट्या दिसलाय, शेजारच्या गावात बंद घर फोडलं, ह्या गोष्टी कोणाला ना कोणाला माहीत असतातच पण जिथे पोचायला हव्यात तिथे वेळेवर पोचत नाहीत. कॅमेरे, सोलर दिवे सगळं हवंय, पण त्याच्या आधी खरी खबर घरोघरी जायला हवी असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी दर महिन्याला गावाचं एक पान काढायचं, एका बाजूला ग्रामपंचायतीत काय चाललंय ते आणि दुसऱ्या बाजूला सुरक्षेचं, आणि ते कागदावर प्रत्येक घरात द्यायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकाच, पण कागद सोडू नका, कारण ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्याकडे एक तर साधा फोन असतो नाहीतर रेंज नसते.

माणसं आधी ठरवा

वाडीमागे एक माणूस हवा आणि तो मुंबईला गेला तर त्याच्या बदली दुसरा. बचत गटाच्या बायका ह्या कामाला सगळ्यात पक्क्या, कारण त्या दर महिन्याला जमतातच, घरोघरचं त्यांना माहीत असतं, आणि पान पडवीत टाकून न जाता दोन शब्द बोलून येतात. आशाताई, अंगणवाडीच्या बाई, रिटायर झालेले गुरुजी, वाडीतला दुकानदार हेही चालतील. फक्त पुढच्या निवडणुकीला उभं राहायची तयारी करणारा माणूस लिहिणाऱ्यांत घेऊ नका. सरपंच, सदस्य यांच्याकडून माहिती जरूर घ्यायची पण पान त्यांचं होता कामा नये, एकदा का ते एका पार्टीचं झालं की दुसरी पार्टी हातात धरणार नाही आणि मग साधी पाण्याची सूचनासुद्धा अर्ध्या गावाला कळणार नाही. लिहायला दोघं, तपासायला एक, वाटायला वाडीवाडीतली माणसं, एवढं पुरतं. मुंबईतल्या गावकऱ्यांचं जे मंडळ असतं त्या मुंबई मंडळातला एकजण जोडून घ्या, बंद घरांची खबर त्याच्याकडे असते आणि झेरॉक्सचा खर्च मंडळाला जड नाही.

खबर कुठून आणायची

पहिली जागा ग्रामसभा. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे, त्याप्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात, नोटीस सात दिवस आधी निघायला हवी, आणि कोरम म्हणजे गावच्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी असेल ते. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरमची अट नसते, म्हणजे आपण घरी बसलो तरी ठराव व्हायचा तो होतोच, फक्त मोजक्या माणसांत होतो. अर्धा गाव मुंबईत असल्यामुळे आपल्याकडे हे फार चालतं. म्हणून नोटीस लागल्या दिवशीच तिचा फोटो काढा, विषयपत्रिका जशीच्या तशी लिहून घ्या आणि पान निघायला वेळ असेल तर एक छोटी चिठ्ठी वेगळी वाटा. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, ती आपल्या गावात खरोखर होते का ते बघा. शाळेच्या वाटेवरचा मोडका साकव, एसटी स्टॉपवरचा अंधार, गावठी दारूचा अड्डा, हे विषय तिथे जेवढे मोकळेपणी निघतात तेवढे मोठ्या सभेत निघत नाहीत, तेव्हा तिथलं टिपून घेऊन मोठ्या सभेत मांडायला लावायचं.

दोन-तीन गावांची मिळून एकच, म्हणजे ग्रुप ग्रामपंचायत असेल तर ऑफिस दुसऱ्या गावात असतं आणि बोर्ड कोणी वाचत नाही, तिथे तर पानाची गरज दुप्पट.

दुसरी जागा ग्रामसेवक, हल्ली पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण लोक अजून ग्रामसेवकच म्हणतात. त्यांच्याकडे कधीकधी दोन गावांचा चार्ज असतो, म्हणून कुठल्या दिवशी भेटतात ते ठरवून घ्या आणि मासिक सभा झाली की त्यांना तेच प्रश्न विचारा: काय ठरलं, पैसे कुठल्या फंडातून, काम कधी सुरू होणार. उत्तर लिहून घ्यायचं आणि त्यांना वाचून दाखवायचं. ह्या एका सवयीने निम्मे वाद टळतात.

पैशाचं बघायचं असेल तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपली ग्रामपंचायत शोधा, वर्षाचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ग्रामपंचायतींना जे पैसे दिले त्यातला ६० टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, उरलेला ४० टक्के अबंधित. हे कळलं की ‘एवढे पैसे आले मग दिवे का नाही लावले’ ह्या प्रश्नाला धड उत्तर देता येतं, आणि धड प्रश्नही विचारता येतो. तोंडी विचारून माहिती मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत. पण लगेच अर्ज टाकू नका, आधी दोनदा साधेपणाने विचारा, गावात रोज तोंडं बघायची असतात.

लिहायचं कसं

‘पाण्याचा प्रश्न लवकरच मार्गी लागेल’ असलं वाक्य पानावर नकोच, ते वाचून कोणाला काही करता येत नाही. असं लिहा: ‘खालच्या वाडीच्या विहिरीवरची मोटार जळली आहे. नवी घ्यायचा ठराव मासिक सभेत झाला. मोटार बसेपर्यंत पाणी सकाळी ७ ते ८ येईल. ज्यांना भरून ठेवता येत नाही त्यांनी वाडीच्या ताईंना सांगावं.’ काय झालं, काय ठरलं, आपल्याला काय करायचंय आणि कोणाला सांगायचं. अक्षर मोठं ठेवा, आजोबांना चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. कोणावर आरोप नाही, कोणाचं अभिनंदन नाही, वाढदिवस नाहीत. मोकळी जागा उरली तर उरू दे.

आमच्या भावकीतली एक मुलगी इंग्लंडात एका खेडेगावात राहते, तिच्याकडून तिकडचं ऐकलं तेव्हा हे सगळं किती साधं आहे ते कळलं. तिथे गावाची पॅरिश कौन्सिल असते, १८९४ च्या कायद्याने आलेली, आणि सभेचा अजेंडा तीन पूर्ण दिवस आधी सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो. गावाची बातमी छापून दारात येते, त्यातच पोलिसांची सूचना असते, कुठे शेड फोडली, कुठे गाड्या जोरात जातात. शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या घरावर लक्ष ठेवायची त्यांची नेबरहूड वॉच योजना १९८२ ला चेशर परगण्यातल्या मॉलिंग्टन नावाच्या गावात सुरू झाली. आणखी एक गोष्ट मला फार आवडली, गावातलेच लोक ट्रेनिंग घेऊन स्पीड मोजायचं यंत्र हातात धरून रस्त्याकडेला उभे राहतात आणि जोरात गेलेल्या गाडीच्या मालकाला पोलिस पत्र पाठवतात. आपल्याकडे यंत्र नाही, पण कुठल्या वळणावर, कुठल्या वेळेला, कुठल्या गाड्या जोरात जातात हे महिनाभर वहीत टिपून पोलिस ठाण्यात द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

सुरक्षेची बाजू

वरच्या कोपऱ्यात नंबर, दर महिन्याला तेच आणि त्याच जागी, म्हणजे अंधारातसुद्धा हात तिथे जातो. पोलिस आणि कुठलीही इमर्जन्सी ११२, अँब्युलन्स १०८, समुद्रावर काही संशयास्पद दिसलं तर सागरी पोलिसांचा १०९३, समुद्रात बोट अडकली तर कोस्ट गार्ड १५५४, वन विभाग १९२६, लाइट गेली किंवा तार तुटली तर महावितरण १९१२, लहान मुलांसाठी १०९८, ऑनलाइन फसवणूक १९३०. जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, पण चाकरमान्याने मुंबईतून लावला तर दुसऱ्याच जिल्ह्याचा कक्ष लागू शकतो, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या कक्षाचा लँडलाइन नंबरही छापा. मग पोलिस पाटील, जवळचं पोलिस ठाणं, प्राथमिक आरोग्य केंद्र, लाइनमन. छापण्याआधी प्रत्येक नंबर लावून बघायचा, अपवाद फक्त इमर्जन्सी नंबरांचा.

बंद घरं हा आपला सगळ्यात नाजूक विषय. गणपती, शिमगा, मे महिना सोडला की कितीतरी घरं कुलूप लावून असतात, आत तांब्या-पितळेची भांडी, देवघरातलं चांदीचं, मागे पंप आणि केबल. अशा घरांची यादी करायचीच, घर कोणाचं, चावी कोणाकडे, मुंबईचा नंबर, कोणी येणार असेल तर कधी. पण ही यादी पानावर छापायची नाही आणि ग्रुपवर तर अजिबात टाकायची नाही, कारण ती चोराच्या हाती लागली तर त्याला वेगळं शोधायची गरजच नाही. यादी फक्त वाडीच्या माणसाकडे आणि पोलिस पाटलांकडे. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची यादीही तशीच. पोलिस पाटील हे नुसतं मानाचं पद नाही, १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याप्रमाणे गावातल्या घडामोडी वर कळवणं हे त्यांचं काम आहे, तेव्हा त्यांना धरूनच चला. आणि चाकरमान्यांनो, गाडीत बसल्याबसल्या ‘चला परत मुंबई’ म्हणून कुलूप लावलेल्या घराचा स्टेटस ठेवू नका, चार दिवसांनी ठेवा.

आंबा आणि काजूच्या दिवसांत बागेत चोऱ्या होतात, त्यात परगावची माणसं कामाला असतात आणि संशय लगेच त्यांच्यावर जातो. बागेवरच्या नेपाळी राखणदारांची, बोटीवरच्या खलाशांची नावं, फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स, घरचा नंबर मालकाने पोलिस ठाण्यात द्यायला हवा. हे त्यांच्यावर पहारा म्हणून नाही, बोट उलटली किंवा माणूस झाडावरून पडला तर त्याच्या घरी कळवायला दुसरा कुठलाच धागा नसतो. पानावरच्या सूचनाही त्यांना वाचून दाखवा, ती माणसं रात्रभर जागी असतात, वणवा लागलेला पहिल्यांदा त्यांनाच दिसतो.

आता अफवा. ह्याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना गावाने ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० ला आपल्याच पालघर जिल्ह्यात गडचिंचल्याला दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर चोर समजून मारले गेले. दोन्हीकडे गावकरी साधीसुधी माणसंच होती आणि दोन्हीकडे गावाची राखण करतोय असंच त्यांना वाटत होतं. म्हणून नियम कडक ठेवा. ग्रुप दोन करा, एक गप्पांचा आणि एक फक्त सूचनांचा जिथे अ‍ॅडमिनशिवाय कोणी काही टाकू शकणार नाही. सूचनांच्या ग्रुपवर काही टाकायच्या आधी हे बघायचं: कोणी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय का, कुठे, किती वाजता, आणि पोलिस ठाण्यात किंवा पोलिस पाटलांना विचारलं का. ह्यातलं एक जरी नसेल तर मेसेज थांबवायचा. अनोळखी माणूस दिसला तर त्याचा फोटो ‘सावधान’ लिहून फिरवायचा नाही, त्याला दोघांनी मिळून नीट विचारायचं, पाणी द्यायचं, संशय वाटला तर ११२. गाडीचा नंबर टिपून ठेवा, पाठलाग करू नका. आणि जी खबर खोटी निघाली ती खोटी निघाली असं पुढच्या पानावर ठळक छापा, लोक भीती विसरत नाहीत, खुलासा मात्र त्यांच्यापर्यंत जातच नाही.

काही जिल्ह्यांत ग्राम सुरक्षा यंत्रणा म्हणून टोल फ्री नंबरची सोय आहे, एकाने फोन करून बोललं की त्याचा आवाज नोंदणी केलेल्या सगळ्या गावकऱ्यांच्या फोनवर जातो. तुमच्या ठाण्यात चालू आहे का विचारा, असेल तर सगळ्यांचे नंबर नोंदवून घ्या.

किनाऱ्यावरच्या गावांनी समुद्राला वेगळी जागा द्यावी. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला उतरलं होतं, २६/११ चे अतिरेकी समुद्रातूनच आले. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला बेवारस बोट लागली, आत एके-४७ रायफली सापडल्या, तपासात ती ऑस्ट्रेलियन मालकिणीची भरकटलेली बोट निघाली, पण ते नंतर, आधी गावकऱ्यांनी कळवलं म्हणून यंत्रणा हलली. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यांवर चरसची पाकिटं वाहून आली. तेव्हा पानावर स्पष्ट लिहा की किनाऱ्याला लागलेलं पाकीट, पिंप, पेटी उघडायची नाही, घरी न्यायची नाही, लांब उभं राहून फोन करायचा. सागर रक्षक दलात, म्हणजे किनाऱ्यावर लक्ष ठेवून पोलिसांना कळवणाऱ्या गावकऱ्यांच्या दलात, गावातलं कोण आहे ते सगळ्यांना माहीत हवं. पर्यटकांच्या गावात आणखी एक, भरतीच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून बीचच्या तोंडाशी लावा, वाळूत गाडी घालणाऱ्यांना आणि पोहायला उतरणाऱ्यांना स्थानिक माणसाने आधी सांगितलेलं नंतर दोर टाकण्यापेक्षा केव्हाही बरं.

पावसाआधीचं, म्हणजे मे महिन्याचं पान सगळ्यात जपून काढा. २२ जुलै २०२१ ला एकाच दिवशी चिपळूण बुडालं आणि महाडला तळियेवर दरड आली, १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडातली इरशाळवाडी दरडीखाली गेली. डोंगराखालच्या वाडीला दरडीच्या खुणा पाठ हव्यात: जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग, झाडं-खांब कलणं, दारं-खिडक्या अचानक घट्ट बसणं, नेहमीच्या झऱ्याला गढूळ पाणी येणं किंवा नवीनच झरा फुटणं. यातलं काही दिसलं तर पंचनाम्याची वाट न बघता रात्र दुसरीकडे काढायची, आणि ते दुसरीकडे म्हणजे कुठे, शाळा की देवळाचा सभामंडप, हे पानावर नावानिशी असलं पाहिजे, चावी कोणाकडे ते सुद्धा. हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ११५.६ मिलिमीटरच्या वर अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार, रेड अलर्ट आला की पऱ्यापलीकडच्या (ओढ्यापलीकडच्या) मुलांना शाळेत पाठवायचं नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात किनाऱ्यावर लाइट आणि मोबाइल दोन्ही कितीतरी दिवस बंद होते हे विसरू नका, म्हणून फोनशिवायची साखळीही ठरवा, देवळाची घंटा सलग वाजली की काय समजायचं, कोण कुणाच्या घरी बॅटरी घेऊन जाणार. वर्षातून एकदा करून बघा.

तक्रार कशी लावायची

रस्त्याची तक्रार चुकीच्या ऑफिसात गेली की वर्ष जातं. आधी रस्ता कोणाचा ते बघा. कडेच्या दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य मार्ग. सर्वसाधारणपणे गावातले ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेकडे, प्रमुख जिल्हा मार्ग आणि राज्य मार्ग सार्वजनिक बांधकामकडे. अर्ज छोटा, जागा नेमकी (‘मारुतीच्या देवळाकडून खाली उतरताना दुसऱ्या वळणावर’), केव्हापासून, काय हवंय, दोन फोटो. अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या आणि एकीवर पोच घ्यायची, शिक्का, तारीख, आवक नंबर. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा. ग्रामपंचायतीत हललं नाही तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे, तिथेही पोच. चोरी किंवा मारामारी झाली तर एफआयआरची प्रत फुकट मिळते, आणि हद्द कोणाची ह्यावरून परत पाठवता येत नाही, १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवायची सोय आहे.

पानाच्या खाली एक छोटा तक्ता ठेवा, कुठली तक्रार, कधी दिली, आवक नंबर, आता कुठे आहे. काम झालं की ‘झालं’ लिहून एक महिना तसंच ठेवायचं आणि मग काढायचं, न झालेलं मात्र होईपर्यंत काढायचं नाही. प्रत्येक पानाची एक प्रत फाइलला लावून शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. गणपतीच्या आधीच्या महिन्यात जास्त प्रती काढून मुंबई मंडळाकडे पाठवा, म्हणजे माणसं गावाला येतानाच वाचून येतील आणि सुट्टीत ग्रामसेवकांना भेटायचं असेल तर कुठल्या कामासाठी ते त्यांना आधीच ठरवता येईल.